कूलर बंद कर, मग डीएसीचं बोलू

मागच्या मे महिन्यात, दुपारी चार वाजता, म्हणजे नागपुरात कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही अशा वेळी, माझा मानेवाड्याचा मित्र गाण्याच्या सिस्टिमला जोडायची एक काळी डबी घेऊन घरी आला. "नवा डीएसी आहे बे. तुझा जुना काढ, हा लाव आणि फरक पाह्य."

भीमपलास लावला. पाच मिनिटं जुना डबा, पाच मिनिटं नवा. त्याच्या मते नव्यावर पडदा उठल्यासारखं झालं होतं. मला काही कळत नव्हतं, आणि पंचविसेक वर्षं हा नाद केल्यावर ते कबूल करायची आता लाजही वाटत नाही. तेवढ्यात लाइट गेली. आमच्याकडे पंखा आणि ही सगळी सिस्टिम इन्व्हर्टरवर आहे, कूलर नाही. कूलर घरघरत थांबला आणि मागचे दोन तानपुरे एकदम खोलीत येऊन बसले. मित्र उडालाच. "आता? आता समजून राहिला का फरक?"

त्या वेळी जुनाच डबा वाजत होता.

मित्राची मी खूप चेष्टा केली, पण त्याचे कान खोटं बोलत नव्हते. फरक खराच पडला होता, फक्त त्याचं श्रेय भलत्याच डब्याला गेलं. घरच्या ऑडिओत सध्या जे जे नवं येऊन राहिलंय, ज्याच्यावर कानसेन मंडळी तासन् तास बोलतात, त्यातलं काय कानापर्यंत पोचतं आणि काय कूलरच्या पाण्यात वाहून जातं, ते जरा सावकाश पाहू.

आवाजाचा प्रवास असा. मोबाइलवर किंवा इंटरनेटवर गाणं म्हणजे आकड्यांची रांग. डीएसी, म्हणजे डिजिटल टू अ‍ॅनलॉग कन्व्हर्टर, त्या आकड्यांचा विजेचा वर-खाली होणारा दाब करतो. अ‍ॅम्प्लिफायर त्या दाबाला ताकद देतो, स्पीकर त्या ताकदीने हवा हलवतो, आणि ती हवा भिंतींवर आपटत आपटत कानात शिरते. पाच टप्पे. ऑडिओच्या दुकानात चर्चा सगळी पहिल्या तीन टप्प्यांची होते. आवाज बिघडतो शेवटच्या दोन टप्प्यांत.

आकड्यांपासूनच सुरू करू, कारण गैरसमज तिथेच जास्त आहेत. सीडी बाजारात आली १९८२ साली. तिच्यात दर सेकंदाला आवाजाची ४४,१०० मापं घेतलेली असतात, प्रत्येक माप १६ बिटांचं, म्हणजे १६ शून्य-एकांनी लिहिलेलं. लोकांना वाटतं की मापं तुटक, म्हणजे आवाज जिन्यासारखा पायऱ्यापायऱ्यांचा, आणि मापं वाढवली की पायऱ्या बारीक होणार. तसं नसतं. शाळेतली भूमिती आठवा: तीन बिंदू दिले, ते एका रेषेत नसले, की त्यांच्यातून एकच वर्तुळ जातं. बिंदू तीनच, पण वर्तुळ पूर्ण आणि गुळगुळीत. आवाजाचंही असंच आहे. सर्वांत वरच्या कंपनाच्या दुपटीहून जास्त मापं घेतली, की त्या सगळ्या मापांतून जाणारी लहर एकच असते आणि डीएसी नेमकी तीच काढतो. माणसाचा कान जास्तीत जास्त २०,००० हर्ट्झपर्यंत, म्हणजे सेकंदाला २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो, तेही लहानपणी. पन्नाशीत चौदा-पंधरा हजारांपर्यंत ऐकू आलं तरी नशीब. ४४,१०० हा आकडा त्या २०,००० ला पुरून उरतो.

मग ९६ हजार, १९२ हजार मापांच्या 'हाय-रेझ' फाइली कशासाठी? स्टुडिओत काम करताना त्यांचा उपयोग आहे. ऐकताना, माझ्या मते, फारसा नाही. साठच्या दशकातली जुनी मैफल १९२ हजारांत विकत घेतली, तर वाढीव मापांत मुख्यतः टेपची सरसर जास्त नेमकेपणाने मिळते. पण त्याच मैफलीची नीट, जपून केलेली नवी प्रत असेल, तर ती साध्या सीडीच्या दर्जातही जिंकते. पैसे द्यायचे तर प्रत कुणी आणि कशी काढली हे पाहून द्यावेत.

आता बिट. एक बिट वाढला की हळूपासून मोठ्यापर्यंतचा पल्ला साधारण ६ डेसिबलने वाढतो. १६ बिट म्हणजे ९६ डेसिबल, २४ बिट म्हणजे कागदावर १४४. इथे आमचा कूलर येतो. खिडकीतला मोठा कूलर फुल स्पीडवर खोलीत साठेक डेसिबलचा आवाज सहज करतो. घरात बसून आपण मोठ्यात मोठं ऐकतो ते नव्वदच्या आसपास, त्याच्यावर गेलं की शेजारी येतो. नव्वदातून साठ गेले, उरले तीस. सहाने भागा: पाच. म्हणजे मे महिन्यातली आमची बैठकीची खोली पाच बिटांची आहे, आणि आम्ही तिच्यात १६ चांगले की २४ यावर भांडतो. हा हिशेब थोडा अन्यायाचा आहे, कारण कान गोंगाटाखालचाही सूर थोडाफार उचलतो आणि कूलरचा आवाज सगळ्या पट्ट्यांत सारखा नसतो. पण लाइट गेल्यावर तानपुरे खोलीत का आले, ते यातून कळावं.

तानपुरा ही तशीही फार चांगली परीक्षा आहे. काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) पुरुषी षड्ज धरला तर खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झला हलते. छोट्या स्पीकरमधून ६९ नीट निघतच नाही, मोबाइलमधून तर अजिबात नाही. तरीही आपल्याला खर्ज ऐकू येतो! जवारीमुळे, म्हणजे तार घोडीला हलकीशी घासत झणझणते त्यामुळे, तिच्यातून वरचे स्वरांश (मूळ सुराच्या पटीतले बारीक सूर) इतके भरपूर निघतात की मेंदू त्यांच्यावरून खालचा षड्ज स्वतःच बांधून घेतो. म्हणून मोबाइलवर ऐकून 'खर्ज मस्त आहे' म्हणणाऱ्याला हसू नये, तो खोटं बोलत नाही. चांगल्या सिस्टिमवर फरक इतकाच पडतो की मेंदूला बांधायची मेहनत पडत नाही, आणि जवारीचं ते मधमाश्यांसारखं गुणगुणणं हवेत सुटं सुटं दिसायला लागतं. दिसायला म्हणतोय मी, पण ज्यांनी ऐकलंय त्यांना कळेल.

फाइलीबद्दल आणखी एकच सांगतो, कारण इथे फुकटात फायदा आहे. सीडीचा प्रवाह सेकंदाला १,४११ किलोबिट, एमपी३ चा जास्तीत जास्त ३२०. फ्लॅकसारख्या 'लॉसलेस' प्रकारात फाइल लहान होते पण आतलं काही टाकलं जात नाही; सतरंजी घडी करून ठेवली आणि पुन्हा पसरली, तसं. २०२१ मध्ये अ‍ॅपल म्युझिकने वेगळे पैसे न घेता लॉसलेस द्यायला सुरुवात केली आणि हा दर्जा सर्वसामान्यांच्या हातात आला. पण बहुतेक जण ते लॉसलेस गाणं ब्लूटूथवरून स्पीकरला पाठवतात. साध्या ब्लूटूथची वाट साधारण ३२८ किलोबिटांची, सोनीच्या एलडॅक या सुधारित ब्लूटूथ पद्धतीची उत्तमात उत्तम ९९०. म्हणजे गाणं वाटेत कापलं जातं. वाय-फायवर चालणारा छोटा स्ट्रीमर, म्हणजे इंटरनेटवरून गाणं थेट ओढणारा डबा, घेतला तर हे होत नाही. वीम कंपनीचे असे डबे कानसेनांत गेल्या काही वर्षांत लोकप्रिय झाले ते याचमुळे. शिवाय मोबाइलवर फोन आला की गाणं थांबत नाही. घरच्यांना आवडणारा फायदा हा दुसरा.

डीएसीचं काय मग? खरं सांगायचं तर हा प्रश्न सुटलेला आहे. फोनच्या चार्जिंगच्या भोकात लावायची हजार-दोन हजारांची चांगली डोंगल घ्या, ती आवाजात जी भेसळ करते ती कानाच्या आवाक्याबाहेरची असते. टॉपिंग, एसएमएसएल वगैरे चिनी कंपन्यांचे डबे तर मोजमापाच्या यंत्रांची परीक्षा घेतात. यातल्या चिपा बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या मोजक्याच. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये जपानमध्ये नोबेओका इथल्या असाही कासेई कंपनीच्या चिप कारखान्याला आग लागली, तेव्हा जगभरच्या ऑडिओ कंपन्यांना आपले डबे नव्याने आखावे लागले. काहींनी चिपच सोडली आणि शेकडो रेझिस्टरची शिडी रचून केलेले 'आर-टू-आर' डीएसी पुढे आणले. त्यांचा आवाज 'गोड' आहे म्हणतात. असेलही. मी दोनदा ऐकला, दोन्ही वेळा चहाही चांगला होता.

मग माझ्या मित्राला लाइट जाण्याआधीही नवा डबा चांगला का वाटला? संध्याकाळी मी मल्टिमीटर काढला आणि ५० हर्ट्झचा सूर लावून दोन्ही डब्यांचा दाब मोजला. माझा २ व्होल्ट, त्याचा २.३. म्हणजे त्याचा डबा सव्वा डेसिबल मोठ्याने वाजत होता. एवढा फरक कानाला 'मोठा' म्हणून कळत नाही, 'छान', 'मोकळा', 'जिवंत' म्हणून कळतो. दुकानातल्या निम्म्या चमत्कारांमागे हेच असतं. दोन डब्यांची तुलना करायची तर आधी आवाज मल्टिमीटरने सारखा करा आणि मग डबे दुसऱ्याला बदलायला लावा, आपण पाठ करून बसा. मित्र बसला. दहात पाच वेळा बरोबर आला. नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं, पण हे मी त्याला दुसऱ्या दिवशी तर्री पोहे खाताना सांगितलं, घरी नाही.

अ‍ॅम्प्लिफायरमध्ये मात्र खरोखर क्रांती झाली आहे आणि ती आमच्या गावाला विशेष मानवते. जुने चांगले अ‍ॅम्प 'क्लास ए' किंवा 'क्लास एबी'चे. घरात तो जुना डबडा पंख्याचा रेग्युलेटर होता ना, काळी गोल मूठ असलेला? पंखा हळू केला की तो तापायचा, कारण पंख्याला नको असलेली वीज तो स्वतः उष्णता करून खायचा. जुने अ‍ॅम्प असेच. क्लास ए तर गाणं बंद असलं तरी तापत बसतो. जानेवारीत कुत्रं-मांजर शेजारी येऊन झोपतं म्हणून बरा वाटतो. मेमध्ये ४५ अंशांत खोलीत आणखी एक शेगडी कोण ठेवणार?

नंतर इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर आला. तो वीज खात नाही, तिचे तुकडे पाडतो; चालू-बंद, चालू-बंद. म्हणून गार राहतो. 'क्लास डी' अ‍ॅम्पची मूळ कल्पना हीच, फक्त चालू-बंद सेकंदाला काही लाख वेळा, आणि प्रत्येक वेळी 'चालू' किती वेळ ठेवायचं हे गाणं ठरवतं. शेवटी एक गुंडाळी आणि एक कपॅसिटर ते तुकडे गाळून गुळगुळीत लहर स्पीकरला देतात. दिलेल्या विजेतली ८५–९० टक्के स्पीकरपर्यंत पोचते. डी म्हणजे डिजिटल असं बरेच जण सांगतात. ते ए, बी, सी नंतरचं अक्षर आहे, बस. सुरुवातीचे क्लास डी अ‍ॅम्प कोरडे, खरखरीत वाजायचे आणि त्यामुळे बदनाम झाले. मग ब्रुनो पुटझेस या बेल्जियन अभियंत्याने स्पीकरकडे जाणारी लहर पुन्हा मागे आणून चूक तिथल्या तिथे दुरुस्त करायची पद्धत इतकी पक्की बसवली, की हायपेक्सचं एनकोर आणि नंतर प्युरिफायचं आयगेनटाक्ट या दोन कंपन्यांच्या क्लास डी अ‍ॅम्पांपुढे आज मोजमापात फार थोडे टिकतात. हे महाग झालं. पण टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या टीपीए३२५५ सारख्या चिपेवर बांधलेले तळहाताएवढे अ‍ॅम्प दहा-पंधरा हजारांत मिळतात आणि बारा बाय चौदाच्या खोलीला पुरून उरतात.

वॉटच्या आकड्याने मात्र हुरळून जाऊ नका. ताकद दुप्पट केली तर आवाज वाढतो फक्त ३ डेसिबल. कानाला 'दुप्पट मोठा' वाटायला साधारण १० लागतात, म्हणजे दहापट वॉट. ५० ऐवजी १०० वॉटवाला घ्या असं कुणी सांगितलं तर त्याला सांगा की स्पीकर दोन-तीन फूट जवळ ओढून घेतला तरी चालतंय.

तारांबद्दल थोडक्यात, कारण इथे मी स्वतः फसलोय. वीसेक वर्षांपूर्वी बर्डीवरच्या एका दुकानात मला 'ऑक्सिजन-मुक्त' वायर अशा भावात विकली गेली, की घरी खरी किंमत आजतागायत सांगितलेली नाही. हिशेब असा: घरच्या वायरिंगची दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची तार, जाऊन-येऊन दहा मीटर, विरोध जेमतेम ०.१२ ओहम. स्पीकर आठ ओहमचा. गोष्ट संपली. त्या पैशात अर्थिंग तपासून घ्या. जुन्या घरांत अर्थिंग नावापुरतं असतं, लॅपटॉपला चार्जर लावला की स्पीकरमधून गुंगुंगुं सुरू होतं आणि लोक डीएसीला दोष देतात. इन्व्हर्टरही पाहून घ्या: स्वस्तातला स्क्वेअर वेव्हचा असेल तर लाइट गेल्याबरोबर अ‍ॅम्पचा ट्रान्सफॉर्मर भुणभुणायला लागतो. साइन वेव्हच्या इन्व्हर्टरवर तो त्रास होत नाही.

रेकॉर्ड प्लेयरचं पुनरागमन हा वेगळाच विषय. अमेरिकेत २०२२ मध्ये रेकॉर्डी सीडींपेक्षा जास्त नगांनी विकल्या गेल्या, १९८७ नंतर पहिल्यांदाच. टेक्निक्सने २०१० मध्ये बंद केलेलं एसएल-१२०० हे आपलं प्रसिद्ध टर्नटेबल २०१६ मध्ये पुन्हा आणलं. मोजायला गेलं तर रेकॉर्ड जवळजवळ प्रत्येक बाबतीत सीडीच्या मागे आहे. तरी मी लावतो, कारण रेकॉर्ड लावली की उठून दुसरीकडे जाता येत नाही, बाजू उलटायला बसून राहावं लागतं आणि बसून राहिलं की ऐकलं जातं. फक्त मे महिन्यात रेकॉर्ड उन्हात उभ्या गाडीत विसरू नका. पापड होतो.

आता स्पीकर. चांगल्या डीएसीची भेसळ टक्क्याच्या हजाराव्या भागाइतकीही भरत नाही. चांगल्या स्पीकरचीही, खालच्या सुरांत जोरात वाजवला तर, एखाद-दोन टक्के सहज होते. इतकी तफावत असताना लोक डीएसी बदलत बसतात, कारण तो खिशात घालून आणता येतो.

चांगला स्पीकर कशाला म्हणावं हेही आता केवळ चवीवर राहिलेलं नाही. फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये, आणि पुढे हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह यांच्यासह, पडद्याआड स्पीकर ठेवून माणसांना ऐकवले. नाव, किंमत, चेहरा काहीच दिसत नसताना बहुतेक लोक एकाच प्रकारच्या स्पीकरला पसंती देतात: समोर बसल्यावर सगळे सूर सारख्या जोरात देणारा, आणि बाजूला सरकल्यावर आवाज हळूहळू, एकसारखा उतरणारा. यातली दुसरी अट महत्त्वाची. सोफ्यावर बसलेल्या माणसाला थेट स्पीकरचा आवाज थोडा आणि भिंतींवरून परतलेला बराच मिळतो. समोर गोड आणि बाजूला कर्कश वाजणारा स्पीकर खोलीत कर्कशच वाटणार.

नव्या स्पीकरांतल्या बहुतेक युक्त्या याच्यासाठी आहेत. केईएफ कंपनी वरच्या सुरांचा छोटा भोंगा खालचे सूर काढणाऱ्या मोठ्या थरथरत्या पडद्याच्या बरोबर मध्यात बसवते, म्हणजे सगळे सूर एकाच ठिकाणाहून निघतात. २०२० च्या त्यांच्या एलएस५० मेटा या स्पीकरमध्ये भोंग्याच्या मागे भूलभुलैयासारखी एक चकती आहे. तिच्या प्रत्येक गल्लीची लांबी वेगळी, प्रत्येक गल्ली आपला आपला सूर गिळते आणि मागे जाणारा आवाज परत फिरून पुढे येत नाही. डच अँड डच ८सी आणि किई थ्री हे स्पीकर त्याहून पुढे जातात. त्यांच्यात बाजूला आणि मागे पळणारा खालचा आवाज मुद्दाम उलट आवाज सोडून रद्द केला जातो, म्हणजे भिंतीपर्यंत पोचणारी आपटाआपट उगमापाशीच कमी. हे दोन्ही 'अ‍ॅक्टिव्ह', म्हणजे डीएसी, अ‍ॅम्प आणि सूर वाटून देणारा छोटा संगणक स्पीकरच्या पोटातच. ८सी किंवा किईची किंमत ऐकून आमच्या घरी कुणीतरी म्हणालं, "एवढ्यात तर गाडी येते." येते.

पण त्यांच्या मागची कल्पना आपल्यालाही लागू आहे: झगडा खोलीशी आहे.

माझी खोली बारा बाय चौदा फूट. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये ज्या लहरीची अर्धी लांबी नेमकी मावते, ती लहर तिथे अडकून घुमत राहते. चौदा फुटांसाठी ती ४० हर्ट्झला येते, तिची दुप्पट ८० ला. (हवा तापली की आवाज वेगाने धावतो, म्हणून मेच्या दुपारी हा आकडा जानेवारीच्या रात्रीपेक्षा दीडेक हर्ट्झ वर चढतो. उपयोग शून्य, पण मला हे भारी आवडतं.) मोजायला मी एक यूएसबीचा यूएमआयके-१ माइक घेतला आणि रूम ईक्यू विझार्ड हे फुकटचं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकलं. सोफ्यावर डोक्याच्या उंचीला माइक उभा केला. स्पीकरमधून खालून वर चढत जाणारी एक शीळ निघते आणि पडद्यावर आलेख उमटतो. अपेक्षा होती साधारण सपाट रेषेची. निघाला सातपुडा: ४० ला एक डोंगर, ८० ला दुसरा, नव्वदच्या जरा पुढे मोठी दरी.

दरीचं कारण सापडायला दोन दिवस लागले. स्पीकरच्या तोंडापासून मागची भिंत तीन फूट. ९४ हर्ट्झची लहर बारा फूट लांब असते. भिंतीकडे गेलेला आवाज सहा फुटांची चक्कर मारून परत येतो तेव्हा बरोबर अर्धी लहर मागे पडलेला असतो, थेट आवाज वर जात असताना हा खाली येतो, आणि दोघं एकमेकांना खाऊन टाकतात. डग्ग्याचा घुमारा माझ्याकडे इतकी वर्षं पोकळ का वाजायचा ते कळलं. स्पीकर भिंतीपासून फूटभर अंतरावर सरकवले. दरी २८० च्या वर गेली, जिथे गालिचा आणि पडदे तिला बरंच भरून काढतात.

मग सोफा. तो भिंतीला टेकलेला होता, आणि घुमणाऱ्या सगळ्या लहरींचा जोर भिंतीपाशीच सर्वांत जास्त असतो. तीन फूट पुढे ओढला. ८० चा डोंगर जवळजवळ सपाट झाला. ४० चा मात्र दोन डेसिबल उतरला आणि अडला. आईने एकदाच विचारलं, "हॉलच्या मधोमध सोफा, वरात यायची आहे का?" तिला आलेख दाखवला. तिने चष्मा काढून ठेवला.

उरलेल्या ४० साठी रूम करेक्शन. डिरॅक लाइव्ह हे त्यातलं मानाचं नाव, स्वीडनचं. वीमसारख्या स्वस्त डब्यांतही आता साधी सोय असते. माइकने खोली मोजायची, आणि जिथे डोंगर आहे तिथे गाण्यातला तो सूर आधीच कमी करून पाठवायचा. हे घरच्या ऑडिओतलं गेल्या काही वर्षांतलं सर्वांत उपयोगी नवं तंत्र आहे असं मी छातीठोक सांगतो. मर्यादा एकच: डोंगर कापता येतात, दऱ्या भरता येत नाहीत. दरीत जास्त आवाज ओतला तर भिंतीवरून परतणाराही तेवढाच वाढतो आणि दोघं पुन्हा एकमेकांना खातात. ओढाताण होते ती बिचाऱ्या स्पीकरची. म्हणून आधी सोफा आणि स्पीकर हलवायचे, सॉफ्टवेअर शेवटी.

वरच्या सुरांसाठी एक टाळी पुरते. खोलीच्या मध्ये उभं राहून जोरात टाळी वाजवा. पाठोपाठ 'टर्रर्र' असा धातूसारखा आवाज आला, तर समोरासमोरच्या उघड्या भिंती टाळी एकमेकींकडे फेकताहेत. हल्लीच्या फ्लॅटांत व्हिट्रिफाइड टाइल्स, काच आणि गुळगुळीत पुट्टी, त्यामुळे हे जास्त होतं. जमिनीवर जाड सतरंजी, एका भिंतीला पुस्तकांचं उघडं कपाट, आणि जमत असेल तर मागच्या भिंतीला कापसाची जुनी गादी उभी करून तिच्यावर छानसं कापड. गादी हसण्यावारी नेऊ नका, ती चार इंच जाड असते. अंड्यांचे ट्रे चिकटवू नका, त्यांनी काही होत नाही. पातळ फोमही ४० हर्ट्झला अडवत नाही; ती लहर अठ्ठावीस फूट लांब आहे, तिला एक इंच फोम म्हणजे हत्तीला कोपरखळी.

छताकडे आवाज फेकून वरून ऐकू आल्याचा भास करणारे डॉल्बी अ‍ॅटमॉसचे साउंडबारही आता घरोघर दिसतात. सिनेमासाठी मजा येते. त्यांना सपाट छत लागतं, आणि आपल्याकडे छताच्या बरोबर मध्यात पंखा फिरत असतो. याहून जास्त मी त्यांच्यावर बोलणार नाही, माझ्याकडे नाही.

राहिला कूलर. त्याच्याशी मी केलेली तडजोड अशी आहे. ऐकायला बसण्याआधी तासभर तो फुलवर चालवायचा, ताट्या नीट भिजलेल्या, खिडकी उघडी. खोली गार झाली की पंप चालू ठेवून पंखा लो वर. फुल आणि लो मधला फरक माझ्या खोलीत फोनच्या मीटरवर दहा-बारा डेसिबलचा आहे, म्हणजे जवळजवळ दोन बिट, फुकट. विलंबित ख्याल लावायचा असेल तर बटण पूर्ण बंद. गारवा चाळीसेक मिनिटं टिकतो. बडा ख्याल होतो, छोटा ख्याल सुरू होईपर्यंत मानेवर घाम यायला लागतो.

मित्राने तो डीएसी परत केला नाही. पण परवा त्याचा फोन आला. "अबे, तुझा तो माइक दोन दिवसांसाठी देशील का? आणि सोफा सरकवायला ये, एकट्याने हलून नाही राहिला."